दरपत्रक

लाशा म्हणाला, फोटो हलके करा, नेस्तान मावशी,
तीन सेकंदांत साइट उघडली नाही तर माणूस निघून जातो.
मी हसले.
माझ्या स्टुडिओत माणसं पडद्यामागे
अर्धा अर्धा तास केस विंचरत बसायची,
एकही निघून गेलं नाही.

पण कुताइसीत आता प्रत्येक नवरदेवाचा
एक चुलतभाऊ फोटोग्राफर आहे,
म्हणून हा खटाटोप.
सव्वीस वर्षांतले वीस निवडा, म्हणाला.
निवडले. सगळ्यांत नवऱ्या, सगळ्यांत झुंबरं.
एकीत तर नवरी कोण तेही आठवेना,
तिच्या आईने केलेली घासाघीस तेवढी आठवली.

'माझ्याविषयी' या पानावर तीन ओळी लिहिल्या,
दोन खोडल्या.
उरली ती : रिओनीच्या पुलाजवळ, निळं दार, दुपारी बंद.

मग दर.
आजवर मी गिऱ्हाइकाच्या बुटांकडे बघून दर सांगत आले.
फाटक्या बुटांना एक, चकचकीत बुटांना दुसरा,
आणि उसन्या बुटांना (ते चालीवरून कळतात) सगळ्यांत कमी.
साइटवर सगळे अनवाणीच येतात.
लिहून टाकला एकच आकडा, आणि रात्रभर
कोणाला तरी फसवल्यासारखं वाटत राहिलं.

पहिल्या महिन्यात चौघं आली :
मी, लाशा, लाशाची आई,
आणि ब्राझीलमधून कोणीतरी, आठ सेकंद.
त्या आठ सेकंदांचा मी फार विचार केला.

नोव्हेंबरात, रात्री दोनला, इटलीतल्या बारीहून निरोप.
नाव त्सियाला. एका आजारी बाईची देखभाल करते,
बाई झोपली की हिचा दिवस सुरू होतो.
"लग्न वगैरे काही नाही.
तेर्जोलाजवळ आमचं घर आहे, आई एकटी असते.
फोनवर म्हणते, सगळं ठीक आहे.
अकरा वर्षं ठीकच आहे.
तुम्ही जाऊन फोटो काढा.
तिला हसा म्हणू नका."

गेले.
अंगणात पर्सिमनचं झाड, पान एक नाही,
नुसती केशरी फळं लटकलेली,
दिवे मालवायचे राहून गेल्यासारखी.
म्हातारीने ठेवणीतला रुमाल बांधला,
मला आधी जेवायला वाढलं,
मग म्हणाली, पोरी, ती बादली तेवढी उचल.
छताखाली होती. अर्धी भरलेली.
उचलली, बाहेर ओतली, दाराआड ठेवली.
सव्वीस वर्षं मी हेच तर करत आले :
हनुवटी जरा वर, डाग जरा सावलीत.

बारा फोटो पाठवले.
उत्तर दुसऱ्या रात्री, दोनलाच :
"चौथ्या फोटोत आईच्या खुर्चीशेजारी
जमिनीवर बादलीएवढं ओलं कडं आहे.
छताचे पैसे पाठवतेय.
कसं कळलं ते तिला सांगू नका."

चौथा फोटो मोठा करून पाहिला.
होतं.
माझ्याच कॅमेऱ्यात, माझ्या नकळत.

त्सियालाने पत्ता पुढे दिला असणार.
आता निरोप येतात थेसालोनिकीहून, नेपल्सहून,
बहुतेक रात्रीच.
कोणाला शाळेतून घरी येणारा मुलगा हवा, पाठमोरा चालेल.
कोणाला बापाच्या कबरीवरचं गवत, उपटायच्या आधी.
एकीला नुसतं फाटक,
रंग कुठला ते विसरले म्हणाली.

धंदा वाढला. लाशा खूश आहे, आलेख दाखवतो.
झुंबरं मी पहिल्या पानावरून उतरवली,
त्सियालाला विचारून चौथा फोटो लावला.
लावा, म्हणाली, पण खाली लिहा,
छत आता नवीन आहे.

दरपत्रकातही एक ओळ वाढली : घर, आहे तसं.
समोरचा रकाना कोरा.
लाशा म्हणतो, मावशी, कोरं बरं दिसत नाही,
काहीतरी आकडा टाका.
टाकीन.
बादली उचलायचे किती,
आणि परत जागेवर ठेवायचे किती,
तेवढं एकदा ठरू दे.