हातावर घे, तोंडावर नको

अंबादासच्या नाकपुडीशेजारी
ज्वारीच्या दाण्याएवढी पुळी.
आईने हळद लावली, मग तुरटी,
मग कमलव्वाने सांगितलेला कसलासा पाला.
सव्वा वर्षाने डॉक्टर हिप्परगींनी ती कापली,
बाटलीत घालून तपासायला धाडली.

तेवीस वर्षं तो टॉवेलच्या मागावर,
पत्र्याखाली, सात ते सात.
त्याचं ऊन म्हणजे छताच्या भोकातून पडलेलं,
रुपयाएवढं,
दुपारभर मागावरून सरकणारं.
रक्तात ड जीवनसत्त्व नऊ.
सोलापुरात! नऊ!

आणि नरहरी, धाकटा,
डोक्यावर चादरींचा गठ्ठा,
चव्वेचाळीस अंशांत अक्कलकोट रोडने पायी.
मानेची भाजून वीट झाली.
त्याला काही नाही.

"रिपोर्ट बदलला असेल का?" मी विचारलं.
डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीवर कुलूप काढलं.
पेशीत असतं म्हणे,
ड जीवनसत्त्वाच्या किल्लीने उघडणारं.
काही माणसांच्या कुलपात
एखादं अक्षर वेगळं, जन्मापासून.
"मग त्यामुळेच झालं?"
पेन थांबलं.
"शक्यता," म्हणाले.
हा शब्द ते तीनदा म्हणाले. मी मोजला.

समजावं म्हणून पुढे म्हणाले,
"धागा तुटतो ना तुमचा, तसं."
अंबादास पट्टीआडून हसला.
"धागा तुटला की माग थांबतो, साहेब.
हा थांबला नव्हता."

आता तिघांचं रक्त हवंय, कसल्याशा अभ्यासासाठी.
फॉर्म मीच भरते आहे, मीच बारावी.
कातडीचा रंग, एक ते सहा.
कुटुंबात पूर्वी कुणाला?
अप्पाच्या खालच्या ओठावरची ती जखम,
जी आम्ही विडीच्या नावावर टाकली,
ती लिहायची का?
"माहीत नाही"वर खूण केली.
खोडली.
"हो"वर अजून केलेली नाही.

सकाळचे साडेनऊ. अंबादास ओट्यावर,
तोंडाला स्वतःच्याच मागावरचा डागी टॉवेल गुंडाळून,
बाह्या कोपराच्या वर.
हातावर घे, तोंडावर नको, असं सांगितलंय.
आई दारातून तेलुगूत विचारते,
"एंडा चांगलं की वाईट?
एकदाच काय ते सांगा."
कोणी सांगत नाही.
तो तळवे उलटे करतो, घड्याळ बघतो.
तेरा मिनिटं.
पलीकडे नरहरी
गठ्ठ्याची गाठ दातांनी आवळतो आहे.