अकरावी पायरी

वडाळ्याच्या पोर्ट ट्रस्ट क्वार्टर्समध्ये
जिन्याला एकोणीस पायऱ्या होत्या.
अण्णा अकराव्या पायरीवर खोकायला थांबले
तर जेवायला बसायचं.
न थांबता वर आले
तर ताट सरकवून मी मोरीत,
नळ मोठा सोडून.
नळाच्या आवाजात बरंच काही मावतं.

चपला उशाशी, तोंड दाराकडे.
हे आईनं शिकवलं नाही, तिचं बघून आलं.
काही रात्री आम्ही खाली, फोन्सेकाबाईंकडे.
त्या काही विचारायच्या नाहीत.
टीव्ही लावायच्या, आवाज बंद ठेवून,
आणि बशीत खारी.
खारी मोडताना आवाज होऊ नये म्हणून
मी ती चहात पूर्ण बुडू द्यायचो.
अजून तशीच खातो.

आता कांजूरला, सतराव्या मजल्यावर.
ऑफिसात म्हणतात, बोवलेकरला माणसं कळतात.
साहेबानं कप कसा ठेवला
यावरून मी सांगतो, आज फाईल न्यावी की नको.
दोन बढत्या मिळाल्या त्यावर.
विनया म्हणते, भांड ना एकदा तरी,
भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं.
मी म्हणतो, बरं.
आणि भांडी घासायला घेतो,
नळ मोठा सोडून.

चपलांचं तिनं एकदाच विचारलं होतं, लग्नाच्या वर्षी.
म्हणालो, फरशी गार लागते.

गेल्या महिन्यात अण्णा आले, कायमचे.
खुब्याचं ऑपरेशन. रात्री धरून न्यावं लागतं,
म्हणून मी त्यांच्याच खोलीत झोपतो.
वॉकरला खाली रबराची बुडं,
त्यांचा आवाजच होत नाही.
मोजायला काही उरलं नाही
आणि मला झोप येत नाही.

परवा म्हणाले, तुझ्या चपला पायात येतात रे.
वाकता येत नाही, तरी वॉकरनं ढकलत ढकलत
रॅकपाशी नेऊन लावल्या.

रात्री तीनला उठलो, अनवाणी.
फरशी खरंच गार होती.
चपला घेऊन परत आलो
तर ते जागे,
पलंगाच्या कडेला बसून बघत होते.
मी ठेवल्या. नेहमीसारख्या.

ते काही बोलले नाहीत.
हात लांब करून त्यांनी
वॉकर जरासा बाजूला ओढला,
माझ्या पलंगापासून दारापर्यंतच्या
वाटेतून.