फलक

"आमचे मानकरी", जि. प. हायस्कूल, पिंपळखुटा.
नऊशे रुपये, पेंट शाळेचा.

नायब तहसीलदार डाखोरे
एकाच दमात उतरले.
इंदू मडावी, परिचारिका, मस्कत –
तिच्या नावाले निळा जरा जास्तच देल्ला.

मंग भोयर. शास्त्रज्ञ.
'ज्ञ' तीनदा पुसला.
त्याच्या प्रयोगवहीतला बेडूक माह्या हातचा,
हृदयाच्या तिन्ही कप्प्यांसकट.
त्याले विसापैकी वीस.
मले दहावीत गणितानं धरलं, ते धरलंच.

शिडीखाली नवे हेडमास्तर:
"खाली जागा ठेवा, पोरं येतीलच पुढं.
अक्षर झकास हो! कोणत्या शाळेचे तुम्ही?"

दोन्ही हात भरलेले.
ब्रशानंच तिसरी खिडकी दाखवली.

गज अजून वाकलेलाच हाये.