अठ्ठेचाळीस किलो चारशे

मीठ मोजायचा काटा गेल्या मोसमात नवा घेतला,
जमिनीवर ठेवायचा, लाल आकड्यांचा.
पहाटे साडेपाचला त्यावर पूर्वजा उभी राहते, अनवाणी.
अठ्ठेचाळीस किलो चारशे.
मी खोपीच्या दारावर खडूनं लिहितो,
गोण्यांच्या हिशेबाशेजारी.
मग ती बांधावरून सुटते,
आगरवाड्याहून चोपड्यापर्यंत, शिवोलीचा पूल ओलांडून परत.

तासाभरानं पुन्हा काट्यावर.
पहिल्या दिवशी आकडा फारसा हललाच नाही.
मिस्किता सरांनी फोनवर एवढंच विचारलं, शर्ट?
शर्ट अंगावरच होता, पिळला तर पेला भरेल असा.
ओलं मीठ जास्त भरतं,
हे मला कळतं, व्यापाऱ्यालाही कळतं,
आणि पोटच्या पोरीच्या वजनात मी फसलो.
आता तिची आई आडोशाला गोणपाट धरते.
टॉवेलनं पुसून, कोरडी: सत्तेचाळीस.
वाटेत प्यालेलं पाणी चारशे ग्रॅम धरा.
म्हणजे एक किलो आठशे पूर्वजा
रस्त्यात कुठेतरी सांडली.

सांडलेल्या घामाचा उपयोग नाही, सर सांगतात,
वाळलेला तेवढाच कामाचा.
पाणी वाफ होताना अंगातली ऊब घेऊन जातं,
टपकलं तर नुसतं टपकलं.

हे मला खरं तर कुणी शिकवायला नको होतं.
फेब्रुवारीत कोरडा वारा सुटला
की कोंडीतलं पाणी बघता बघता आकसतं,
कडेला पापुद्रा धरतो.
एप्रिलअखेर ऊन चढलेलंच असतं, पण हवेत ओल भरते,
आणि मीठ बसत नाही.
फळी ओढावी तर चिखल वर येतो.
तसल्या हवेत ती मागल्या वर्षी
बांबोळीला दहा हजार मीटर धावली, दुपारी चारला.
अठराव्या फेरीत डावी पोटरी आवळली.
मी कठड्याशी ओरडत होतो, जोर लाव, जोर लाव,
जसा काही जोराचाच प्रश्न होता.
तिच्या अंगाचं एप्रिलातलं आगर झालं होतं,
पाणी भरपूर, वाळत काही नाही.

गोळा का आला?
मीठ कमी पडलं, सगळा वाडा म्हणाला
आणि हसला, मिठागऱ्याची मुलगी ना.
सर म्हणाले, असेल. नसेलही.
दमलेल्या स्नायूला नसेचा निरोप चुकीचा पोचतो, असंही म्हणतात.
शास्त्राला अजून पुरतं ठाऊक नाही.
त्या दिवसापासून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

तरी पेजेत चिमूटभर जास्त टाकतोच आम्ही.
घामातून जातं तर खरं:
तिचा काळा शर्ट दोरीवर वाळला
की पाठीवर पांढऱ्या रेघा उमटतात,
वाकड्या, कोंडीच्या कडेसारख्या.
एकदा कुणी बघत नाही असं पाहून
मी बोट लावून चाखलं.
आमच्यापेक्षा फिकं. माती मात्र अजिबात नाही.

यंदाची शर्यत जानेवारीत, सकाळी सातला.
लोक घड्याळाकडे बघत होते, मी झेंड्याकडे.
जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा, कोरडा, हलका.
समोरून आला की ती दोघींच्या आड लपायची,
वळणावर पुन्हा बाहेर.
अठरावी फेरी मी पाहिली नाही.
डोळे उघडले तेव्हा ती अजून पळत होती.
पाचवी आली. मागल्या वेळेचं काय विचारता,
तिच्या स्वतःच्या सगळ्यात चांगल्या वेळेहून अकरा सेकंद कमी.
ती धापा टाकत म्हणाली, बाबा, काटा आणलास?
काटा टेम्पोत होताच.

काल पेडण्याचा व्यापारी आला,
खोपीचं दार वाचत उभा राहिला.
अठ्ठेचाळीस चार, अठ्ठेचाळीस दोन, सत्तेचाळीस.
म्हणाला, गोणी पन्नासची ठरली होती ना रे?
प्रत्येकीत दोन-तीन किलो मारतोस?
मी हसत सुटलो, त्याला काही कळेना.
दार पुसलं नाही.
गोण्या त्याला पुन्हा मोजून दिल्या,
एकेक, कोरड्या.