सहा पाकिटं

वनरक्षक मल्लिनाथ हत्तुरे यांनी
टेबलावर सहा पाकिटं ठेवली.
खाकी कागद, वर बॉलपेननं तारीख आणि ठिकाण:
नान्नज, पाणवठ्याजवळ.
मार्डी, कुंपणाच्या तारेत.
अकोलेकाटी. कारंबा. परत नान्नज.
सहाव्यावर नुसतंच : ज्वारीत, बंधाऱ्याच्या अलीकडं.

प्रत्येकात माळढोकाचं एक पीस.
"मॅडम, सहा हायती," म्हणाले.
सहा पिसं की सहा पक्षी,
मी विचारलं नाही.

पिसाच्या देठाचं टोक, तांदळाच्या कणीएवढं,
तेवढंच आमच्या कामाचं.
बाकी सगळं, म्हणजे ती भुरी नक्षी,
माळावरचं ऊन, धूळ,
ब्लेडनं कापून बाजूला.
टोक नळीत. नळीत विकर.
रात्रभर छप्पन्न अंशांवर.
बाहेर त्रेचाळीस होतं;
सोलापूरकराला तेरा अंशांचं काय कौतुक.

आईला सांगितलं,
मशीन एका ओळीवरून तशीच दुसरी करतं,
दोनाच्या चार, चाराच्या आठ,
पस्तीस फेऱ्या.
आई तेंदूच्या पानावर पत्र्याचं माप ठेवून
कात्री फिरवत होती, मान वर न करता म्हणाली,
"हजाराला काय देतात त्याला?"

बाविसाव्या फेरीला लाइट गेली.
परत पहिल्यापासून.
आणि कणीतलं उरलंय किती, तर
एवढंसं, की श्वास रोखून पिपेट धरायचं.

जेलच्या खाचांत निळे थेंब सोडले.
पक्ष्यांचं आपल्या उलट असतं :
एक पट्टा आला तर नर,
दोन आले तर मादी.
अंधाऱ्या खोलीत दिवा लावला
आणि सहाही रांगांत
दोन, दोन, दोन, दोन,
दोन, दोन.

सहा माद्या!
फोन हातात घेतला होता मी.
हत्तुरेंचा नंबर अर्धा दाबलाही.
मग ठेवला. अजून एक चाचणी बाकी होती.

जनुकांच्या मधल्या मोकळ्या जागेत
अक्षरं अडखळतात काही ठिकाणी,
तोतऱ्या माणसासारखी,
सीए सीए सीए सीए
कुणाची चौदा वेळा, कुणाची एकोणीस.
कोण किती अडखळतं, त्यावरून
कोण कोण आहे ते कळतं.
आठ जागा मोजल्या.

पहिलं पाकीट : चौदा-एकोणीस, अकरा-अकरा, नऊ-सोळा...
दुसरं : चौदा-एकोणीस, अकरा-अकरा, नऊ-सोळा...
तिसऱ्याला हात थांबला.
सहाव्याला मी आकडे बघायच्या आधीच लिहिले असते.

नुसत्या पाण्याची नळी तपासली.
ती कोरी होती.
म्हणजे माझ्याकडून काही सांडलं, मिसळलं नव्हतं.
सांडलं असतं तर बरं झालं असतं.

रात्री आईनं पंचवीस विड्यांची जुडी बांधली,
दोऱ्याची गाठ दातानं ओढली.
"किती निघाले गं तुझे पक्षी?"
मी बोट दाखवलं.
ती तेलुगूत म्हणाली, "ओक्कटेना?"
एकच?
आणि पुढची जुडी घेतली नाही, थोडा वेळ.

हत्तुरे सोमवारी आले.
खुर्चीवर बसले नाहीत, उभ्यानंच ऐकलं.
मी तक्ता दाखवला, आकडे दाखवले.
त्यांनी पाकिटं उचलली, तारखांनी लावली,
कारंबा आधी, मग मार्डी, मग नान्नज,
बोटानं टेबलावरून
तिच्यामागं चालत गेल्यासारखे.

"म्हणजे फिरतीय लई,"
एवढंच म्हणाले.
कशासाठी, ते दोघांनाही माहीत होतं.

अहवालात दोन रकाने होते.
नमुने : सहा.
दुसरा मी पेनानं भरला, टाइप केला नाही.

जाताना दारातून वळले.
"पिसं परत मिळतील का?"
टोकं नाहीत आता त्यांना, मी म्हटलं.
"चालतंय."
सहाही खिशात घातली,
शर्टाच्या, गुंडी लावायच्या खिशात,
आणि गुंडी लावली.