दुभाषी

टेबलाच्या एका अंगाला विश्राम कोळंबकर,
दुसऱ्या अंगाला त्याचा धाकटा भाऊ दिगंबर,
समोर राघवन मॅडम, मध्यस्थ,
चेन्नईहून आलेल्या, मराठी कळत नाही.
आणि मी. बावीस वर्षं दुभाषी.
इकडचं तिकडे करायचा पगार मिळतो.

फोर्टातल्या या तिसऱ्या मजल्यावर भांडण चाललंय
मस्जिद बंदरातल्या एका गाळ्याचं.
गाळ्याचंही नाही, वरच्या पोटमाळ्याचं.
मॅडम म्हणतात, मेझनिन.
विश्राम म्हणाला, आम्ही दोघं तिथंच झालो.
मी ते वाक्य पलीकडे नेलं,
त्यातलं पोट वाटेत कुठं सांडलं
कळलं नाही.

इंग्रजीला मध्यासाठी बरेच शब्द लागतात
आणि एकाच शब्दात ती बरंच काही कोंबते.
विश्राम म्हणाला, हा मुलखाचा कोता. मॅडमनी लिहिलं, मीन.
दिगंबर म्हणाला, मला तसं म्हणायचं नव्हतं. पुन्हा मीन.
मग त्यांनी पाच वर्षांच्या भाड्याची सरासरी विचारली.
तीही मीनच.
वही पाहिली तर वाटावं
तिघांचं एकमत झालंय.

नोटिशीत होतं, इमिजिएट पझेशन.
मी तात्काळ ताबा असं लिहून मोकळा झालो.
शब्द उकलला तर निघतं, ज्याच्या मधे कुणी नाही.
म्हणजे मीसुद्धा नाही.

आणि मीडिऑकर,
जो आमच्या सरांनी अकरावीत माझ्या निबंधाखाली
लाल शाईनं लिहिला होता,
त्याच्या पोटात एक डोंगर आहे, अर्धा चढलेला.
सरांनी तेव्हाच सांगितलं असतं
तर जरा टेकलो असतो तिथं,
वारा खाल्ला असता.

दीड वाजता शिपाई म्हणाला, ब्रेक.
मी सवयीनं मराठी केलं, मधली सुट्टी.
दोघं भाऊ एकदम उठले.
एकदम उठलो हे लक्षात आल्यावर
एक खिडकीशी गेला, एक जिन्याकडे.
खिडकीतून रस्ता दिसतो, त्याच्या मधोमध
कण्हेरीच्या चार काटक्या लावलेला कट्टा.
त्याला इंग्रजीत मीडियन म्हणतात, मधला.
आपण दुभाजक म्हणतो.
सिमेंट तेच,
आपण त्याच्यावर तोडल्याचा आळ घेतला.

दुपारी कागद वाचताना आलं,
आई द्वारकाबाई, मयत, व्यवसाय सुईण.
मी म्हटलं, मिडवाइफ.
मॅडमनी मान हलवली, पुढे गेल्या.
विश्राम कुणाकडेच न बघता म्हणाला,
तिची कात्री अजून वर आहे, खिळ्याला.
दिगंबर म्हणाला, मी तेल लावतो तिला, दिवाळीला.
मॅडमनी विचारलं, काय म्हणतायत?
मी म्हटलं, काही नाही, घरातलं.
बावीस वर्षांत पहिल्यांदा
वाक्य अलीकडेच ठेवून दिलं.

रात्री चारकोपला जेवण उरकून जाडा कोश काढला.
आजवर मी धरून चाललो होतो,
मिड म्हणजे मधली,
बाळ आणि बाळंतिणीच्या मधली बाई.
तसं नाहीये.
हा मिड वेगळा. जुना, केव्हाच मेलेला,
या एका शब्दात तेवढा श्वास धरून राहिलेला.
त्याचा अर्थ, सोबत.
सोबत असलेली बाई.
बायको म्हणाली, दिवा मालव आता.
मी म्हटलं, मालवतो,
आणि ते पान उघडंच ठेवून बसलो बराच वेळ.

पुढची तारीख एकोणीस होती.
मिटलं वगैरे काही नाही. वकील वाढले, कागद वाढले.
मी खुर्ची टेबलाच्या डोक्याकडून उचलली,
दोघा भावांच्या बाजूला, जरा मागे लावली.
शिपाई म्हणाला, साहेब, तुमची जागा मधे.
म्हटलं, हो रे,
तिथंच बसतोय.