विश्वसनीय सूत्र

नोव्हेंबरपासून चोंगचिंगवर धुकं बसलंय ते उठत नाही.
विमानांना शहर दिसत नाही,
शहराला स्वतःचे पाय.
नदीपासून वकिलातीपर्यंत तीनशे बारा पायऱ्या.
पाणक्या मोजतो, मी नाही.

वर, तेलाच्या दिव्याखाली, हार्कनेससाहेब विचारतात:
मिस च्यू, कालच्या मेजवानीत जनरल मिआओ कुठे बसले होते?
तिसऱ्या टेबलाला. दाराकडे पाठ करून.
साहेब लिहितात: जनरलचं वजन घटलं आहे.
एक खुर्ची हलली त्याची दीड पानं होतात,
मग पाच-पाच अक्षरांचे गठ्ठे,
मग समुद्रापार कुणाचा तरी चहा गार होतो.

मसुदा मी पाहायचा नाही, असा नियम.
कार्बन पेपर जाळायचं काम मात्र माझं.

तिजोरी मंत्री छूंकडे, बंदुका मिआओंकडे.
तांदूळ कुणाकडे, यावर तार जात नाही.
आमच्या रेशनात खडे, कोंडा, उंदराच्या लेंड्या;
निवडता निवडता रात्र सरते.

बातमी आणतो तेंग न्हावी.
गळ्यावर वस्तरा असला, म्हणतो,
की माणूस बोलत नाही, पण गिळतो किती वेळा ते कळतं.
मंगळवारी म्हणाला: सात.
साहेबांनी लिहिलं:
विश्वसनीय सूत्रानुसार जनरलचं आसन डळमळीत.

तीन आठवड्यांनी तेंग धापा टाकत आला.
बाई, मोठी बातमी! मिआओंचं आसन डळमळीत!
तुला कोण म्हणालं?
छूंचा ड्रायव्हर.
त्याला?
पलीकडच्या वकिलातीतला खानसामा.
आणि त्याला?
कुठल्याशा परदेशी तारेत आलंय म्हणे.

वाक्य मी ओळखलं. उजेडात धरून वाचलेलं,
उलट्या अक्षरांत, जाळण्याआधी.
जग फिरून आलं होतं. अंगानं भरलं होतं.
साहेबांना सांगितलं तर म्हणाले,
उत्तम. पुष्टी मिळाली.

रविवारी जनरल प्रकृतीच्या कारणास्तव
डोंगरातल्या विहारात गेले.
छू त्यांच्या खुर्चीत बसले. खुर्ची उंच पडली,
पायाखाली पाट ठेवावा लागला,
हेही कळवलं गेलं.

सोमवारी तेंगचं दुकान उघडलं नाही.
मंगळवारी मी स्वतः उतरून गेले.
वस्तरा परजायचा पट्टा खिळ्याला लोंबत होता.
शेजारीण भाजी चिरत होती, मान वर न करता म्हणाली,
तिघे आले होते. दाढीसाठी नव्हते आले.

संध्याकाळी साहेबांनी एकच ओळ जोडली:
सदर सूत्र यापुढे उपलब्ध नाही.

कार्बन दिव्यासमोर धरला.
त्यात तेंग कुठेच नव्हता. माझंही नाव नव्हतं.
काडी ओढली. ओल्या हवेत दोन विझल्या, तिसरी पेटली.
कागद आक्रसत गेला तसा माझा घसा कोरडा पडला.
मी गिळलं, पुन्हा गिळलं.
मोजायला तेंग नव्हता.